मेकॅनिकल कीबोर्ड: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी व्यवसायाने ड्रॉइंग करणारा माणूस आहे. कीबोर्ड जोडणं हा नाद. ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. काही उत्तरांत माझा हट्ट डोकावेल, तो चालवून घ्या.

मेकॅनिकल म्हणजे नेमकं काय? माझ्या साध्या कीबोर्डलाही बटणं आहेतच की.

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एकच चादर असते. बटण दाबलं की रबराचा घुमट खाली बसतो आणि खालच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांवरचे पट्टे एकमेकांना टेकतात. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक प्लास्टिकची दांडी, एक स्प्रिंग आणि तांब्याच्या मिश्रधातूची दोन पानं, एवढंच. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

तुम्ही हा कीबोर्ड ऐकलेला आहे, फक्त ओळखलेला नाही. बँकेच्या किंवा रेल्वेच्या काउंटरवर जो कडकट्ट आवाज येत राहतो, तो बऱ्याचदा टीव्हीएस गोल्डचा. आपल्याकडे हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे राबतोय.

लिनिअर, टॅक्टाइल, क्लिकी. मला कुठला?

लिनिअर सरळ खाली जातो, मध्ये कुठेच अडत नाही. टॅक्टाइलमध्ये वाटेत एक उंचवटा लागतो. बोटाला कळतं की अक्षर उमटलं. क्लिकीमध्ये उंचवटा असतोच, वर खटकाही वाजतो.

१९८० च्या दशकात जर्मनीच्या चेरी कंपनीने एमएक्स मालिका आणली आणि दांडीच्या रंगावरून प्रकार ओळखायची पद्धत पडली: लाल आणि काळा लिनिअर, तपकिरी टॅक्टाइल, निळा क्लिकी. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू, टीटीसी अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि काही बाबतींत मूळ मालापेक्षा गुळगुळीत काढले. पण रंगांचा संकेत तिथेच मोडला. आज जांभळा किंवा पिस्ता रंगाचा स्विच कुठल्या जातीचा आहे हे रंगावरून अजिबात सांगता येत नाही. वर्णन वाचा.

आता सल्ला. दिवसभर टाइप करत असाल आणि बटण तळापर्यंत आपटायची सवय असेल (आपल्यातल्या बहुतेकांना असते), तर टॅक्टाइलने सुरुवात करा. गेम खेळणारे लिनिअरकडे वळतात. क्लिकी घ्यायचा तर घरात कोण कोण कुठल्या खोलीत झोपतं याचा आधी विचार करा. मी पहिल्याच खेपेला, मागचापुढचा विचार न करता, नव्वद क्लिकी स्विच घेतले होते. तिसऱ्या रात्री आईने माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं, आठवड्याने स्वयंपाकघराचंही. ते स्विच आता एका डब्यात पडून आहेत.

रात्री काम करणाऱ्यांसाठी सायलेंट स्विच असतात. त्यांच्या दांडीला मऊ रबरी गादी लावलेली असते. बोबा यू४ हा टॅक्टाइल आणि शांत असा दोन्ही गुणांचा आहे आणि मला मनापासून आवडतो. मात्र गादीमुळे तळाशी थोडं चिखलात पाय पडल्यासारखं वाटतं. कुणाला ते चालतं, कुणाला चालत नाही.

४५ ग्रॅम, ६० ग्रॅम या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

तुलनेपुरता. चेरी लाल ४५ आणि काळा ६०, म्हणजे काळा जड, इतकं खरं. घोळ होतो तो असा: काही विक्रेते अक्षर उमटतं तिथला जोर लिहितात, काही तळाला टेकताना लागणारा. स्प्रिंग दाबत जाल तशी जड होते, त्यामुळे एकाच स्विचचे हे दोन आकडे पंधरा-वीस ग्रॅमने वेगळे असू शकतात. दोन दुकानांतल्या आकड्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली आहे ना, ते पाहा.

अंतराचंही असंच. बहुतेक स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातात आणि साधारण २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. ‘स्पीड’ नावाने विकले जाणारे त्याआधीच उमटतात. टाइप करणाऱ्याला त्याचा फायदा कमी आणि चुका जास्त.

घरी मोजायचा एक देशी उपाय सांगतो. २०११ च्या मालिकेतलं पिवळसर पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. बटणावर एकेक नाणं रचत जा. आठव्या नाण्याला अक्षर उमटलं तर जोर ४८ ग्रॅमच्या आसपास. जुनं जाड पांढरं पाचचं नाणं ९ ग्रॅमचं आहे, ते यात मिसळू नका. प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण दोन स्विचमधला फरक चांगला कळतो.

व्हिडिओत ऐकून स्विच निवडला तर?

नका निवडू. त्या आवाजात केस (बाहेरची पेटी), प्लेट (स्विच अडकवायचा पत्रा), कीकॅप (बटणाची वरची टोपी), आतला फोम, टेबलावरची चटई, खोली आणि माइक यांचा वाटा असतो. त्यातून स्विचचा वाटा वेगळा काढता येत नाही. तोच स्विच तुमच्या पोकळ प्लास्टिकच्या केसमध्ये पत्र्याच्या डब्यासारखा वाजू शकतो. आणि बोटाला काय वाटतं हे कानाने कसं कळणार?

मग नाशकात हात लावून बघायचं कुठे?

कॉलेज रोड आणि एम. जी. रोडच्या काँप्युटरच्या दुकानांत तयार गेमिंग कीबोर्ड काढून दाखवतात. त्यावरून लाल, तपकिरी, निळा या तीन जातींची चव कळते. सुटे स्विच, लांब बटणांखालचे स्टॅबिलायझर, वेगळ्या कीकॅप शहरात मागायला गेलात तर दुकानदार ‘रिपेअरिंगसाठी पाहिजे का?’ असं विचारतो. त्याचं चूक नाही.

सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परतण्याची तयारी असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याकडे जाणं होत असेल तर तपकीर गल्ली. दोन्हीकडे सोल्डरिंगचं सामान मनसोक्त मिळतं, छंदाचे भाग मात्र क्वचितच. म्हणून सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे नमुने मागवणं. पाच-सहा जातींचे दोन-दोन स्विच घ्या, त्यांवर कीकॅप बसवा आणि टीव्ही बघताना दाबत बसा. माझे नमुने औषधांच्या आठवडी डबीत आहेत, सोमवार ते रविवार. तिसऱ्या दिवशी हात आपोआप एकाच कप्प्याकडे जायला लागतो. तो तुमचा स्विच.

ऑनलाइन कुठून घ्यायचं? परदेशातून मागवलं तर स्वस्त पडतं का?

मेकीज, स्टॅक्सकेबी, निओ मॅक्रो ही भारतातली या छंदाची ओळखीची नावं. सुटे स्विच दहा, पस्तीस, सत्तर अशा संचांत मिळतात. ढोबळमानाने साधा चांगला स्विच वीस रुपयांच्या आगेमागे आणि नावाजलेला पन्नासच्या पुढे. अलिएक्स्प्रेस या चिनी खरेदीच्या साइटवर नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, तेव्हापासून तो सोपा रस्ता बंद आहे.

परदेशी दुकानातून थेट मागवताना एक हिशेब लोक विसरतात. सीमाशुल्क आणि आयजीएसटी वस्तूच्या किमतीवरच नव्हे, तर वाहतूक खर्च आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागतात. वर कुरिअरवाला कागदपत्रांचे स्वतःचे पैसे घेतो आणि ओळखीच्या पुराव्यासाठी पार्सल अडकून पडतं ते वेगळंच. एकदा माझ्या छोट्याशा कीकॅप संचावर कर आणि हाताळणी मिळून जी रक्कम आली, ती ऐकून बाबांनी ‘सोन्याचे आहेत का?’ असं विचारलं होतं. मधल्या एजंटाकडे तीन आठवडे पडलेलं ते पार्सल शेवटी फाटक्या खोक्यात आलं. आता भारतात दीडपट किंमत दिसली तरी मी आधी बेरीज करतो आणि बहुधा इथेच घेतो.

‘ग्रुप बाय’ म्हणजे आधी पैसे, मग उत्पादन. वस्तू यायला सहा महिने ते वर्षही लागतं. पहिल्या कीबोर्डासाठी याच्या नादी लागू नका.

पहिला कीबोर्ड तयार घेऊ की भाग जमवून जोडू?

तयार घ्या, पण हॉट-स्वॅप घ्या. त्यात स्विच सॉकेटमध्ये नुसते खोचलेले असतात, चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात. पुढे छंद वाढला तर तोच कीबोर्ड तुमची प्रयोगशाळा होतो, नाही वाढला तर कीबोर्ड म्हणून वापरात राहतो.

आकाराचं म्हणाल तर ८७ बटणांचा, म्हणजे नंबरपॅड वगळलेला, सगळ्यात सुरक्षित. टॅलीत दिवस घालवणाऱ्यांनी मात्र १०४ वालाच घ्यावा. ६१ बटणांचा देखणा दिसतो, पण त्यात बाणांची बटणंसुद्धा नसतात. घेतल्यावर हळहळलेले तिघं मला माहीत आहेत.

तीन पिन, पाच पिन काय भानगड आहे?

प्रत्येक स्विचला धातूच्या दोन पिन आणि मध्ये एक जाड प्लास्टिकचा खुंट असतो. पाच पिनवाल्याला आणखी दोन बारीक प्लास्टिकचे पाय असतात, ते बोर्डावर (आतल्या सर्किटच्या पाटीवर) स्विच सरळ उभा ठेवतात. पाच भोकांच्या बोर्डात दोन्ही बसतात. तीन भोकांच्या बोर्डात पाच पिनवाला बसवायचा तर ते दोन पाय नेलकटरने उडवा. धातूच्या पिनला हात लावायचा नाही. हसू नका, हा फोन मला आलेला आहे.

खरी मेख दुसरीकडे आहे. काही स्वस्त हॉट-स्वॅप बोर्डांत बारीक नळीसारखे सॉकेट असतात आणि त्यांत आउटेमूच्या पातळ पिनाच जातात. बाकीचे स्विच जबरदस्तीने दाबले तर सॉकेट पसरतं. घेण्याआधी सॉकेट कुणाचं आहे ते विचारा.

स्विच बसवताना काय सांभाळायचं?

पिना सरळ आहेत का ते उजेडात बघा आणि दाबताना बोर्डाच्या मागून त्या सॉकेटला बोटाचा आधार द्या. सॉकेट मागच्या बाजूने नुसतं डागलेलं असतं, वरून जोर पडला की तांब्याच्या पापुद्र्यासकट उखडून येतं. पिन दुमडली असेल तर अक्षर उमटत नाही. लोक बोर्ड खराब म्हणून परत पाठवतात. आधी स्विच उपटून पाहा.

सोल्डर करायची भीती वाटते.

मोबाइल रिपेअरिंगवाल्या मित्राकडे एक संध्याकाळ बसा, जाईल. कथील-शिशाची ६०/४० ची बारीक तार, ३२० ते ३५० अंशांवरचं सोल्डरिंग आयर्न आणि एका टाक्याला दोन-तीन सेकंद. डाग चकचकीत आणि शंकूसारखा दिसला की बरोबर. मात्र सोल्डर केलेले ६८ स्विच नंतर बदलायचे ठरवलेत तर रविवार गेला म्हणून समजा.

स्पेसबार खडखडतो. स्विच बदलू का?

नाही. दोष स्टॅबिलायझरचा आहे. स्पेस, शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस ही लांब बटणं एका बाजूला कलू नयेत म्हणून खाली वाकवलेली तार असते. ती प्लास्टिकच्या घरात सैल बसते आणि वाजते. माझ्या मते या छंदात पैशाला सगळ्यात जास्त मोल इथेच मिळतं. चाळीस रुपयांचा स्विच ऐंशीचा केलात तर फरक शोधावा लागेल, पण स्टॅबिलायझर नीट केलात तर शेजारच्या टेबलावरचाही विचारेल.

तार काढून काचेवर ठेवा. सपाट बसत नसेल तर हाताने सरळ करा. तारेची टोकं जिथे घरात शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा. घरांच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस पातळ थरात. बोर्डाला स्क्रूने आवळणारे स्टॅबिलायझर सर्वांत पक्के. पण प्लेटवर अडकवणाऱ्या स्वस्त जातीलाही हा उपाय लागू पडतो.

स्विचला ग्रीस लावायलाच हवं का?

आताशा बरेच स्विच कारखान्यातूनच ग्रीस लावून येतात, आणि ते पुरेसं असतं. कोरडा स्विच घासल्यासारखा, खरखरीत लागत असेल तर लावा. शून्य नंबरच्या ब्रशने, दांडी ओलसर दिसेल इतकंच. पांढरा थर दिसला की जास्त झालं. टॅक्टाइलमध्ये दांडीचे जे दोन पाय पानाला घासतात ते कोरडे सोडा, नाहीतर उंचवटाच विरघळतो. क्लिकीला लावूच नका, खटका मरतो. स्प्रिंगा मात्र सगळ्या एकदम झिपच्या पिशवीत टाकून चार थेंब पातळ तेलासह हलवल्या की झालं. सत्तर स्विचना मला चार तास लागतात. क्रिकेटचा सामना लावून बसतो.

कीकॅप एबीएस की पीबीटी?

दोन्ही प्लास्टिकच्या जाती. घ्या पीबीटी. एबीएस काही महिन्यांत बोटांच्या तेलाने तुळतुळीत होतं. प्रिंट पुसली जाऊ नये म्हणून अक्षर डबलशॉट (दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकात ओतलेलं) किंवा डायसब (रंग आत मुरवलेलं) असावं. दिव्यांचा प्रकाश अक्षरातून यायला हवा असेल तरच अर्धपारदर्शक डबलशॉट शोधा. चेरी उंचीच्या कीकॅप घेताना एक बघा: स्विचचा दिवा वरच्या, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला असेल तर मधल्या ओळीच्या कीकॅप काही स्विचच्या डोक्याला आपटतात.

मी मराठी टाइप करतो. वेगळा कीबोर्ड लागतो का?

मुळीच नाही. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, कुठल्या जागेवरचं बटण दाबलं एवढंच कळवतो. त्या जागेला ‘के’ म्हणायचं की ‘क’, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. त्यामुळे कुठल्याही कीबोर्डवर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण बटणमांडणी, चालतं.

पण इनस्क्रिप्टवाल्याने स्विच निवडताना आपल्या बोटांचा हिशेब वेगळा मांडायला हवा, आणि हे मला कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत सापडलं नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला. काना इंग्रजी ‘ई’च्या जागी आणि हलन्त ‘डी’च्या जागी, म्हणजे दोन्ही डाव्या मधल्या बोटावर. मराठीत काना किती आणि जोडाक्षरं किती! ‘राष्ट्र’ लिहिताना हे एकच बोट तीनदा खाली जातं: एक काना, दोन हलन्त. हात आलटून पालटून चालतात हे सुख आहे, पण त्या एका बोटासाठी फार जड स्प्रिंग नको. माझ्या कीबोर्डवर त्या दोन बटणांखाली मुद्दाम हलके स्विच आहेत. हॉट-स्वॅपचा हा खरा उपयोग.

दुसरं म्हणजे शिफ्ट. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श, ष सगळी शिफ्टवर. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या कितीतरी पट आपण शिफ्ट दाबतो, म्हणजे खडखडणारा शिफ्ट आपल्याला कितीतरी पट छळतो. वरचं स्टॅबिलायझरचं उत्तर पुन्हा वाचा. करंगळी दुखत असेल तर क्यूएमके किंवा व्हाया (बटणांची कामं हवी तशी बदलू देणारी सॉफ्टवेअर) चालणाऱ्या बोर्डात शिफ्टला ‘वन-शॉट’ करता येतं: एकदा दाबून सोडा, पुढचं एकच अक्षर शिफ्टसह उमटतं.

प्लेट नाशकात बनवून मिळेल का?

इथे मात्र पुण्या-मुंबईच्या तोंडात मारेल असं आपलं गाव आहे. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत लेझर कटिंगची जॉबवर्कची दुकानं गल्लोगल्ली आहेत. प्लेट म्हणजे शेवटी भोकं पाडलेला पत्राच. डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगची) फाइल न्या, १.५ मिलिमीटर जाडीचा पत्रा सांगा. स्विचच्या कानांची पकड याच जाडीसाठी बनवलेली असते. भोक १४ बाय १४ मिलिमीटर, दोन स्विचच्या मध्यांतलं अंतर १९.०५. हा विचित्र आकडा म्हणजे बरोबर पाऊण इंच. ऑपरेटरला फाइल मिलिमीटरमध्ये आहे हे तोंडानेही सांगा.

लेझरचा झोत स्वतःही थोडा पत्रा खातो, त्याची भरपाई फाइलमध्ये करायची की मशीनवर, हे आधी ठरवा. माझ्या पहिल्या प्लेटच्या वेळी मी काहीच बोललो नाही. भोकं १४.२ ची आली आणि कीकॅप ओढली की स्विचही बरोबर बाहेर. चूक माझीच, ती प्लेट आता स्वयंपाकघरात गरम भांडं ठेवायला आहे. दुसऱ्या वेळी उलटा घोटाळा: भोकं अचूक आली म्हणून खुशीत पावडर कोटिंग करून घेतलं. कोटिंगचा थर भोकाच्या आतल्या कडांवरही बसतो, दोन्ही बाजूंनी मिळून सहज दशांश मिलिमीटरच्या वर. एकही स्विच आत जाईना. कानशीने ६७ भोकं घासली.

पितळेची प्लेट हवी असेल तर ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त वजन धरा. आवाज किंचित टणक, हाताला भारदस्त. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव आहे, तेव्हा कीबोर्डातही पितळ असावं एवढाच माझा युक्तिवाद होता. काळी पडली की काढून पितांबरीने घासतो. अडचण एकच: एका नगासाठीही दुकानदार ठरलेली किमान रक्कम घेतोच. चौघं मिळून जा. आणि कडा घासून द्यायला सांगायला विसरू नका, माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे.

मॅग्नेटिक स्विच घेऊ का?

स्पर्धात्मक गेम खेळत असाल तर घ्या. त्यात धातूची पानं नसतात. दांडीतलं चुंबक किती खाली आलं ते बोर्डावरचा हॉल सेन्सर मोजतो. कितीव्या मिलिमीटरला उमटायचं हे तुम्ही ठरवू शकता. मात्र साधे स्विच या बोर्डात चालत नाहीत. फक्त लिहायचं असेल तर पैसे वाचवा.

एक अक्षर दाबलं की दोनदा उमटतं.

पानांवर धूळ किंवा झीज. त्या स्विचची जागा शेजारच्याशी बदला. दोष बरोबर गेला तर स्विच टाका, जागेवरच राहिला तर सॉकेट तपासा. क्यूएमकेमध्ये डिबाउन्स (पानांची थरथर दुर्लक्षायचा वेळ) ५ मिलिसेकंद असतो, तो ८-१० केला तर तात्पुरतं निभावतं. रस्ते खोदलेल्या दिवसांत रात्री कीबोर्डवर पंचा टाकत जा.

नवीन केबलने कीबोर्ड चालूच होत नाही.

दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून पाहा. स्वस्त बोर्डांत टाइप-सीसाठी लागणारे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात.

चहा सांडला!

आधी केबल उपटा, बिनतारी असेल तर बंद करून बॅटरीची पिनही काढा. उलटा धरा. कीकॅप काढून साबणाच्या कोमट पाण्यात टाका. स्विच हॉट-स्वॅप असतील तर उपटा. बिनसाखरेचा चहा असेल तर पुसून वाळवले तरी वाचतात, पण आपल्या चहात साखर असते, तेव्हा उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेच लागतात. बोर्ड त्याच अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने घासा आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवा. गच्चीवर उन्हात नको, लांब कीकॅप वाकतात.